पणजीची उधारी

आमच्या घरात जुन्या वर्षांना आकडे नव्हते. प्लेगचं साल, मानमोडीचं साल, सहा महिन्यांच्या संपाचं साल, गोदी उडाली ते साल, अशीच वर्षं सांगितली जायची. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं, आयुष्य अजूनही याच हिशेबाने सांगते. पणजी जन्मली प्लेगात, विधवा झाली मानमोडीत आणि कर्जात बुडाली संपात.

पणजी परळला खाणावळ चालवायची. विशीत मुंबईला आली तेव्हापासून साठीत हातपाय थकेपर्यंत तिने गावच्या गिरणी कामगारांना जेवू घातलं. तिच्यावर कुणी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आमच्या कुळाची छापील वंशावळ आहे, तीत पणजोबा आहेत, आजोबा आहेत, बायका नाहीत. तरी गिरणगावाचा इतिहास वाचताना ती मला जागोजागी दिसते, आणि ती त्या इतिहासाच्या कडेला उभी राहून बघणारी बाई नव्हती असं माझं ठाम मत झालं आहे. संप म्हटला की आपण पुढाऱ्यांची नावं घेतो, कामगारांचे आकडे सांगतो. ते कामगार सहा महिने जेवले कुठे, असं विचारलं की पणजी समोर येते.

तिचं माहेर देवगड तालुक्यातलं, खाडीकाठचं. आज तो सिंधुदुर्ग जिल्हा, तेव्हा रत्नागिरी. शेत खोताचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं, आम्ही अर्धेलीने कसणारे. पिकलेल्या भातातला अर्धा खोताच्या खळ्यावर जायचा आणि उरलेल्यात दिवाळीनंतर चार महिने निघाले तरी पुष्कळ. मग नाचणी, वरी, कुळीथ आणि पेज. या अर्धेलीतूनच मुंबईच्या गिरण्या चालल्या. जांभ्या दगडाची, भात पुरा न पडणारी ही पट्टी गिरण्यांना सगळ्यांत जास्त माणसं देत होती. घरटी एक पुरुष तरी मुंबईला, आणि घर चालायचं त्याच्या मनीऑर्डरीवर.

प्लेग मुंबईत आला १८९६ मध्ये. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती बाहेर पळाली. परळ-लालबागच्या चाळी ओस पडल्या, गिरण्यांना माणसं मिळेनात. रेल्वे स्टेशनांवर आणि बंदरांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पुण्यात २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती याच प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावरून. तो प्रसंग शाळेच्या पुस्तकात असतो. त्याच दिवसांत मुंबईहून जिवाच्या भीतीने गावी आलेला एक गिरणी कामगार तीन-चार पावसाळे घरीच राहिला आणि त्याला मुलगी झाली, हे अर्थातच पुस्तकात नाही.

त्या काळच्या जन्माच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही बुकं राज्यभर कपाटांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. मलाही त्यातूनच ती वाट कळली. मोडीतली नोंद वाचून घेतली की हाती काय येतं? बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगी’. नाव नाही. बारशाच्या आधीच नोंद व्हायची, त्यामुळे मुलग्यांचीही नावं बहुधा नसत. पण मुलगा पुढे शाळेच्या दाखल्यात, गिरणीच्या मस्टरवर, सातबाऱ्यावर नावानिशी यायचा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने जायची आणि कागदातून उतरायची.

लग्न झालं बाराव्या-तेराव्या वर्षी. पणजोबा परळच्या एका गिरणीत मागावर होते. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस, आणि रस्त्यावर गोळ्याही झेलल्या. पणजोबा तेव्हा पोरसवदा होते, नुकते चिकटलेले. त्या सहा दिवसांची गोष्ट त्यांनी गावी येऊन इतक्यांदा सांगितली की ती त्यांच्या मागे तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली. नवराबायकोचा संसार मात्र मोजक्या दिवसांचा. चाकरमानी शिमग्याला यायचा. गणपतीला यायचं तर वांधे, कारण जूनपासून बोटी बंद. मग मुंबईहून रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून घाट उतरून बैलगाडीने नाहीतर पायी. तेवढी रजा आणि तेवढे पैसे दर वर्षी कुठून आणणार? आठ वर्षांच्या संसारात दोघं एका छपराखाली किती राहिली असतील याचा अंदाज करायला बसले की माझा जीव कळवळतो.

आणि मग मानमोडी. १९१८ चा इन्फ्लुएंझा. पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरातून आली आणि ओसरली. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची, जीवघेणी. या तापाने म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त उचलली. देशभरात सव्वा कोट ते पावणेदोन कोट माणसं गेली असा अंदाज केला जातो. भारताच्या जनगणनांत १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, आणि महायुद्ध संपत आलं असलं तरी महागाई संपली नव्हती. पणजोबा त्या दुसऱ्या लाटेत चाळीतल्या खोलीत गेले. गावात कळलं ते दिवस उलटून गेल्यावर, बोटीने आलेल्या गाववाल्याच्या तोंडून. पणजी विशीची, पदरात दोन वर्षांचा मुलगा. तो माझा आजोबा.

इथून पुढची पणजी मला सगळ्यांत जास्त आवडते. सासरी राहिली असती तर दिराच्या घरी राबत आयुष्य गेलं असतं. पुढच्या वर्षी समुद्र उघडल्यावर ती मुलाला घेऊन मुंबईला निघाली. देवगडला तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव लाटांवर हेलकावत बोटीपाशी न्यायचा आणि खलाशी हाताला धरून वर ओढून घ्यायचे. आत्या सांगते, पणजीने पोराला लुगड्याच्या पदराने पोटाशी घट्ट बांधलं होतं, आणि म्हातारपणीही भाऊच्या धक्क्याचं नाव निघालं की तिचा हात आपोआप पोटाशी जायचा.

आली तशी आधी गिरणीतच लागली, रिळाच्या खात्यात. गिरणीत बायका असत त्या मुख्यतः रिळावर आणि कांड्या भरायला. पगार पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास. भरती नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीच्या हातात, तिला दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, दिल्याशिवाय काम टिकत नसे. मुलांना सांभाळायला कुणी नाही. मुंबईच्या कामगार बायका कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवतात, हे त्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत नोंदवलेलं आहे. ते वाचताना अनेकांना त्या बायकांचा राग येतो. मला त्या वेळी भोंगा ऐकू येतो. आजोबा तीन वर्षांचे होते, गोळीच्या वयाचे नव्हते, त्यांना शेजारणीच्या दारात बसवून पणजी जायची. वर्ष-दीड वर्षात तिने गिरणी सोडली आणि पणजोबा ज्या गाळ्यात राहत त्याच गाळ्यातल्या माणसांचा स्वयंपाक हाती घेतला.

खाणावळीचा व्यवहार समजल्याशिवाय पुढचा संप समजणार नाही, म्हणून जरा थांबते. एका खोलीत एका गावची आठ-दहा माणसं. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, झोपायला ओटी नाहीतर फुटपाथ. बायकामुलं गावी. या माणसांना सकाळी भोंग्याआधी काहीतरी पोटात हवं, दुपारी डबा, रात्री गरम भात आणि कालवण. बांगडा स्वस्त असेल तेव्हा बांगडा, पावसात सुकट. पैसे पगाराला. आणि त्या काळी गिरणीत महिन्याचा पगार हातात पडायचा पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर. म्हणजे गावाहून नवा आलेला पोरगा कामाला लागल्यापासून दीड महिना फुकट जेवायचा, पणजीच्या भरवशावर. ती वाण्याकडून उधार आणायची, वाणी तिच्या भरवशावर. गिरणीमालकाने दाबून ठेवलेल्या त्या दीड महिन्याच्या मजुरीचं ओझं शेवटी कुणाच्या चुलीवर होतं ते यावरून दिसतं. शहराचं कापड जगभर जात होतं आणि त्यात माझ्या पणजीचं भांडवल अडकलेलं होतं. हे मी उगाच वाढवून बोलत नाही. हिशेबच तसा आहे.

आता १९२८. मालकांनी खर्च कमी करण्याच्या योजना आणल्या. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, कताई खात्यातल्याने दुप्पट काम ओढायचं, माणसं कमी करायची. एप्रिलच्या अखेरीस मुंबईच्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. डांगे, ना. म. जोशी, अर्जुन आळवे, कासले ही त्या वेळच्या पुढाऱ्यांची नावं. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा म्हणतात ती, याच संपात जन्मली. संप चालला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

सहा महिने पगार नाही. हजारो कामगार पावसाआधीच्या बोटींनी कोकणात निघून गेले, कारण एकदा जून लागला की वाट बंद. शेती होती, लावणीला हात हवेच होते. पण सगळे जाऊ शकत नाहीत. ज्यांच्या गावी खोताचं देणं थकलेलं ते जाऊ शकत नाहीत, आणि सगळेच गेले तर गिरणीच्या फाटकावर पहारा कोण देणार? संप समितीने धान्य वाटलं, बाहेरून मदतनिधीही आला. इतक्या माणसांना तो किती दिवस पुरणार? बाकीचं वाण्याने, पठाणाने आणि खाणावळींनी भागवलं. पठाणाचा दर रुपयाला महिन्याला आणा, म्हणजे वर्षाला शंभराला पंचाहत्तर.

पणजीच्या गाळ्यात सहा-सात जण राहिले. पहिले दोन महिने नेहमीसारखं चाललं. मग भात कमी आणि पेज जास्त. मग तिच्या गळ्यातलं, कानातलं एकेक करून गेलं. मंगळसूत्र विधवेचं आधीच उतरलेलं. पितळेची मोठी तपेली गहाण पडली तेव्हा दोन भांड्यांत दोन वेळा भात शिजवावा लागे. सभेहून तावातावाने बोलत आलेल्या पोरांना ती मालवणीत म्हणायची, “आदी जेव, मगे बोल.” हे वाक्य आमच्या घरात आजही जेवणाच्या वेळी वाद घालणाऱ्याला ऐकवलं जातं. ते कुठल्या उन्हाळ्यातून आलंय हे माहीत असलं की घास घेताना थोडं थांबायला होतं.

आजोबा तेव्हा बारा वर्षांचे, म्युनिसिपालिटीच्या शाळेत. पणजीला अक्षरओळख नाही. तोवर तिचा हिशेब भिंतीवर गेरूच्या रेघांत असायचा आणि दिवाळीच्या रंगात पुसला जायचा. संपात रेघा भिंतीवर मावेनात म्हणून मुलाला वही घालून दिली. नाव, गाव, जेवणाच्या वेळा. ती वही आत्याच्या ट्रंकेत आहे. आमच्या घराण्याचा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा कागद तो.

पण वहीत जी नावं नाहीत त्यांचंही सांगायला हवं. ती सगळी नावं आमच्या गावची आणि आजूबाजूच्या दोन गावांची, आमच्याच जातीची. त्या संपात डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न ठामपणे मांडला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, सूत ओढून घ्यायला तोंड लावावं लागे, त्यामुळे विटाळाचं कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना सवर्ण कामगार त्या खात्यात येऊ देत नसत. पिण्याच्या पाण्याची मडकीही वेगळी. आंबेडकरांनी आग्रह धरला, तेव्हा ही बंदी उठवण्याची मागणी कामगारांच्या मागण्यांत आली. पणजोबा मागवाले होते. त्यांना मिळालेली ती जागा कुणाला तरी नाकारलेली होती. आणि पणजीच्या पंगतीत, एकाच संपात उपाशी राहणाऱ्या त्या कामगाराला पाट नव्हता. तिच्यावर माझं प्रेम आहे म्हणून हे वगळलं तर तिचा काळ मी खोटा लिहीन. पुढे चाळीसच्या दशकात पंगतीत बदल झाला, आजोबांमुळे. त्यावरून मायलेकरांत अबोला झाला होता असं आत्या सांगते. अबोला किती दिवस टिकला ते आत्या सांगत नाही, पण ज्याच्यावरून तो झाला तो आजोबांचा मित्र पुढे माझ्या वडिलांच्या लग्नात वाढायला उभा होता.

संप संपला, चौकशी समिती बसली, कामगार परत कामावर गेले. पण १९२९ मध्ये दुसरा मोठा संप झाला तो फसला, आणि त्यात खूप जणांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. पणजीची उधारी खरी बुडाली ती तेव्हा. वहीत काही नावांवर आडवी रेघ आहे, म्हणजे पैसे फिटले. काहींवर नाही. रेघ नसलेल्यांपैकी एक पडावातून बोटीवर चढताना पडून गेला, दोघे गावी गेले ते परतलेच नाहीत. तिचं स्वतःचं पठाणाचं देणं फिटायला आजोबा मॅट्रिक सोडून गिरणीत लागेपर्यंत वेळ लागला. त्यांना शिकायचं होतं. त्या घरात संपाची किंमत कुणी चुकवली असेल तर ती त्यांनी.

पुढची वर्षं आत्या झरझर सांगते, मीही तसंच सांगते. १९४३ ला मुंबईत रेशनिंग आलं आणि खाणावळीत जेवणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड पणजीकडे जमा होऊ लागलं. तिचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर पूर्ण, स्वतंत्र असं पहिल्यांदा आलं ते या रेशन कार्डावर, चाळिशी ओलांडल्यावर. लढाई युरोपात आणि ब्रह्मदेशात चालू होती म्हणून परळच्या एका बाईची सरकारदरबारी नोंद झाली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं तेव्हा फळीवरची भांडी खाली आली. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि परळला गोळीबारात कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. पणजीने त्या दिवशी दार लावून कुणालाही बाहेर जाऊ दिलं नाही, आणि त्याबद्दल आजोबांनी तिला कधी माफ केलं नाही. १९४७ च्या जुलैत गटारी अमावस्येला रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या बंदराची ती बोट नव्हती. तरी चाळीत दोन दिवस चुली पेटल्या नाहीत, आणि खाणावळीची चूल बंद राहिल्याचं ते एकच उदाहरण आत्याला ठाऊक आहे.

१९५२ ला तिने मत दिलं. कुणाला दिलं ते विचारल्यावर म्हणाली, माझं मी दिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिची साठी जवळ आली होती. पिठलं-भाकरीची गाठोडी बांधून देण्यापलीकडे ती कुठे गेली नाही. १९६० चा एक मे तिने पाहिला. १९६४ मध्ये ती गेली.

ती गेल्यावर अकरा वर्षांनी, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळू लागलं. सावकाराच्या दारात न जाता, स्वतःच्या सहीने. माझी आजी त्या वेळी अजून डबे करत होती. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा तिने सासूची वही बाहेर काढली, कोरी पानं उघडली आणि लिहायला सुरुवात केली. त्या पानांवर आडव्या रेघा फार थोड्या आहेत.

नावांपुढे गावं लिहिलेली आहेत, त्यामुळे माणसं शोधणं अवघड नाही. १९२८ च्या पानावरच्या रेघ नसलेल्या नावांपैकी तिघांची घरं देवगड तालुक्यात आजही आहेत, एका घरातल्या पणतूशी फोनवर बोलणंही झालं. तिला ओळखणारे आमच्या बाजूचे लोक संपत आले. पण तिच्या हातचं जेवलेल्या माणसांच्या घरी, त्यांच्या बायकामुलांना त्यांनी परळच्या त्या उन्हाळ्याबद्दल काहीतरी सांगितलंच असेल. ते मला ऐकायचं आहे, शिमग्याच्या आधी, सगळी घरी असतात तेव्हा.

आत्याला हे सांगितलं. तिने ट्रंक उघडून वही माझ्या हातात दिली, पानं उलटू दिली आणि परत मागून घेतली. म्हणाली, “जा, पण वही घेऊन जाऊ नकोस. त्यांना वाटेल मागायला आली.”